गावच्या पोराला रान कशाला शिकवायचं?

गावातल्या लहान मुलांना रोज वर्गाबाहेर नेऊन झाडापाण्यात, मातीत शिकवावं की नाही, हा वाद हल्ली वारंवार निघतो आणि दर वेळी भलत्याच जागी अडकतो. एक बाजू म्हणते, गावची पोरं रानातच वाढतात, त्यांना रान काय शिकवायचं? त्यांना अक्षरं द्या, आकडे द्या, पुढे जाऊ द्या. दुसरी बाजू डेन्मार्क-जर्मनीतल्या जंगल-बालवाड्यांची छायाचित्रं पुढे करते आणि तसंच्या तसं गावात आणा म्हणते. पहिल्या बाजूने मुलाचं रान गृहीत धरलंय, दुसरीने गावच गाळून टाकलंय. तीन ते आठ वर्षांच्या मुलाच्या दिवसातले तास नेमके कुठे जातात, हे मोजायला दोघांनाही सवड नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: गावातल्या प्रत्येक बालवाडीने आणि पहिली-दुसरीच्या वर्गाने रोज किमान एक तास बाहेर, ठरलेल्या एकाच जागी, गावातल्याच जाणत्या माणसाबरोबर घालवला पाहिजे. शहरातल्या मुलापेक्षा गावातल्या मुलाला याची गरज कमी आहे, हे मला मान्य नाही. उलट ती जास्त आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका लहान गावातल्या बालवाडीत आठवडाभर जाऊन बसत होते. तिथली एक पाच वर्षांची मुलगी वर्गात एक शब्द बोलायची नाही. भिंतीवर पक्ष्यांचा तक्ता होता, त्यात पेंग्विन होता, शहामृग होता. ताई पट्टीने एकेका चित्रावर टकटक करायच्या, बाकीची मुलं सुरात नावं म्हणायची, ही गप्प. चौथ्या दिवशी आम्ही सगळे कुंपणाकडेने चाललो होतो. एका वेलीवर लोंबणारी मखमली शेंग बघायला मी हात पुढे केला, तशी तिने माझी बाही मागे ओढली. ‘नको. खाज सुटते. चोळलं की पसरते.’ खाजकुइली होती ती. मग तिने शेजारच्याच, जवळपास तशाच तीन पानांच्या दुसऱ्या वेलीकडे बोट केलं. ‘ही चालते. ही बकरी खाते.’ दोन वेलींची पानं मला आजही पटकन वेगळी सांगता येणार नाहीत. तिने फरक ओळखला, कारण सांगितलं, मोठ्या माणसाला वेळेवर सावध केलं. त्याच दिवशी वर्गाची नोंदवही माझ्या हाती आली. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘अबोल. प्रतिसाद कमी.’ मी ताईंना दोष देत नाही. त्यांना तक्ता दिला होता, नोंदवहीचे रकाने दिले होते, आणि वेलीसाठी त्यात रकानाच नव्हता.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेते, कारण तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. तो असा, की मुलं हे सगळं कुणी न शिकवताच शिकतात. याला पुरावाही आहे. मेक्सिकोतल्या चियापासच्या डोंगराळ भागात त्सेल्ताल माया लोकांची वस्ती आहे. ब्रायन स्ट्रॉस या अभ्यासकाने १९६८ साली तिथल्या मुलांना एका पायवाटेने नेलं आणि वाटेवरच्या वनस्पतींची नावं विचारली. १९९९ साली रेबेका झार्गर आणि जॉन रिचर्ड स्टेप यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. मधली तीस वर्षं उलथापालथीची होती, तरी मुलांच्या ज्ञानात म्हणावी अशी घट त्यांना दिसली नाही. ना पाठ्यपुस्तक, ना प्रशिक्षण, ना कार्यक्रम. थोरल्या भावंडांच्या मागे फिरता फिरता पोरं शिकत होती. मग आपण मध्ये पडायचं कारण काय?

कारण आपण आधीच मध्ये पडलो आहोत. त्या डोंगरातली मुलं शिकली, कारण त्यांच्याकडे तास होते: भावंडांबरोबर भटकायचे, विचारायचे, चुकायचे. बालशिक्षणाचं वय जसजसं तीन वर्षांपर्यंत खाली येतं, तसतसे नेमके तेच तास आपण चार भिंतींच्या आत घेऊन येतो. थोरली बहीण शाळेत, धाकटा बालवाडीत, आजी घरी एकटी. तिघांची साखळी तुटते ती सकाळी दहाच्या घंटेला. हे तास घेण्यात चूक आहे असं मी म्हणत नाही. पोषण, लसीकरण, भाषा, सवंगडी, आईला कामाची मोकळीक, असं बरंच काही बालवाडीतून मिळतं आणि ते मिळालंच पाहिजे. पण जी संस्था मुलाचे तास घेते, तिने त्या तासांत पूर्वी काय घडत होतं याची जबाबदारीही घ्यायला नको का? ‘मूल रानातच असतं’ हे वाक्य ज्या काळाला लागू होतं तो काळ शाळेनेच संपवला. तेव्हा निसर्गशिक्षण ही गावच्या मुलाला दिलेली चैन आहे असं कुणी म्हणू नये. त्याच्याकडून घेतलेलं परत करण्याचा तो मार्ग आहे.

शिवाय रानात असणं आणि रानाकडे बघणं यांत अंतर आहे. मी स्वतः नदीकाठच्या घरात वाढले आणि नदीचं पाणी उन्हाळ्यात नेमकं कुठून येतं, हा प्रश्न मला वयाच्या तिशीपर्यंत पडला नाही. वनस्पती नजरेसमोर असूनही न दिसण्याला वँडरसी आणि शुस्लर या अमेरिकी अभ्यासकांनी १९९९ साली ‘वनस्पती-अंधत्व’ असं नाव दिलं. गावात राहिल्याने ते आपोआप बरं होत नाही. ते बरं होतं ते योग्य क्षणी शेजारी बसून कुणीतरी प्रश्न विचारतं तेव्हा. मुंग्यांची रांग घ्या. चार वर्षांचं मूल तिच्यापाशी उकिडवं बसतं. जवळचं मोठं माणूस ‘चल, उशीर होतोय’ म्हणालं तर गोष्ट तिथेच संपते. ते माणूसही खाली बसलं आणि म्हणालं, ‘जाणाऱ्या मुंग्यांच्या तोंडात काही आहे का? आणि येणाऱ्यांच्या?’ तर मूल मोजायला लागतं, रिकाम्या आणि भरलेल्या असे दोन गट करतं, रांगेवर बोटाने रेघ ओढून बघतं. रेघेपाशी मुंग्या थबकतात, गोंधळतात, कारण वासाची वाट पुसली गेलेली असते. का थबकल्या, याचं उत्तर मूल आधी स्वतः रचतं. बहुधा चुकीचं रचतं आणि दुसऱ्या दिवशी येऊन तपासतं. गणन, वर्गीकरण, अंदाज, पडताळा, आणि हे सगळं सांगायला लागणारी लांब वाक्यं. अक्षरओळखीच्या आधी मुलाला जे हवं असतं ते याहून वेगळं काय आहे?

दुसरा आक्षेप याहून खोल जातो, आणि तो पालकांचा आहे. आम्ही मातीत राबलो, पोरांनी राबू नये म्हणून शाळेत घातलं, आणि तुम्ही त्यांना पुन्हा मातीतच बसवता? हे ऐकल्यावर मला दर वेळी आधी गप्प बसावंसं वाटतं, कारण हा संशय इतिहासातून आलेला आहे. १८९० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात शेतीवर मंदी आली, माणसं शहराकडे निघाली, तेव्हा कॉर्नेल विद्यापीठाने खेड्यातल्या शाळांसाठी निसर्ग-अभ्यासाची मोठी मोहीम उघडली. ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांच्यासारख्या जीव ओतून काम करणाऱ्या शिक्षिका तिने दिल्या. पण मोहिमेला सरकारी पैसा मिळाला त्यामागे एक उघड हेतू होता, शेतकऱ्याच्या मुलाला शेतावरच रमवायचं. आपल्याकडचं उदाहरण तर अधिक बोचरं आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींच्या (चक्रवर्ती राजगोपालाचारी) सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळांचे तास कमी केले. मुलांनी रोज तीन तास शाळेत यावं आणि उरलेल्या वेळात घरी बापाचा व्यवसाय शिकावा, अशी ती योजना होती. विरोधकांनी तिला ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाचं शिक्षण म्हटलं आणि जातीची चाकोरी पक्की करणारी योजना म्हणून राज्यभर रान उठवलं. १९५४ साली राजाजी मुख्यमंत्रिपदावरून गेले, कामराज आले, योजना मोडीत निघाली. ती मोडली हे योग्यच झालं.

म्हणून माझ्या मागणीला मी काही अटी घालते, आणि त्यांत तडजोड नको. बाहेरचा तास वाचन-लेखनाच्या वेळातून कापायचा नाही. त्या तासात मुलाकडून कामाचं काहीही करून घ्यायचं नाही, अगदी शाळेच्या बागेला पाणी घालण्याचीही सक्ती नाही. आणि कुणाच्या बापाचा धंदा काय, याचा त्या तासाशी काडीचा संबंध असता कामा नये. सावकाराचं मूल आणि सालगड्याचं मूल एकाच मुंगीपाशी बसलं पाहिजे. या अटी मोडणारा कार्यक्रम कितीही हिरवा दिसला तरी पालकांनी तो हाणून पाडावा. मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

पण कुलक्कल्वीच्या आधीच, १९४५ साली, तेव्हाच्या ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातल्या बोर्डीला नेमक्या उलट्या दिशेने एक काम सुरू झालं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र उभं केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीने काम करून आलेल्या. गावात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ती महागडी साधनं इथे परवडणारी नाहीत आणि त्यांची गरजही नाही. दगड, पानं, बिया, शिंपले यांतून साधनं उभी राहिली. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती, तर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. थोडी मोठी मुलं गुरांमागे जात, तर शाळा कुरणात गेली. तिचं नावच कुरणशाळा. गुरं चरताहेत, मुलं शिकताहेत. मद्रासच्या योजनेने मुलाला अक्षरापासून उचलून कामाकडे पाठवलं. कुरणशाळेने अक्षर उचलून मूल होतं तिथे नेलं. दोन्हीकडे वर आभाळच होतं, पण एकीने मुलाचे शाळेचे तास कमी केले आणि दुसरीने ज्याच्याकडे एकही तास नव्हता त्याला शाळा दिली. पालकांनी कुठल्याही कार्यक्रमाला हाच प्रश्न विचारावा: माझ्या मुलाच्या शिकण्याच्या तासांत यामुळे भर पडते की वजाबाकी होते?

बाहेरचं शिक्षण हा श्रीमंत देशांचा हौशी प्रकार आहे, असंही म्हटलं जातं. इतिहास तसं म्हणत नाही. ज्याच्या ‘किंडरगार्टन’वरून जगभरच्या बालवाड्या निघाल्या तो फ्रोबेल जर्मनीच्या थुरिंगिया भागातल्या खेड्यात वाढलेला, पोरवयात एका वनरक्षकाकडे उमेदवारी केलेला माणूस. त्याच्या बालोद्यानात खरोखरीचे वाफे असत, प्रत्येक मुलाचा एक छोटा आणि सगळ्यांचा मिळून एक मोठा. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने त्याच्या बालवाड्यांवर बंदी घातली, ती १८६० साली उठली. पुढे त्याचं नाव घेऊन निघालेल्या किती शाळांतून बाग नाहीशी झाली आणि बाकडी तेवढी राहिली! मार्गारेट मॅकमिलन यांनी लंडनमधल्या डेप्टफर्डला १९१४ साली खुल्या हवेतली बालशाळा काढली, ती झोपडपट्टीतल्या आजारी, खंगलेल्या मुलांसाठी. आपल्याकडेही शब्द बघा. कोसबाडच्या कामात रुजलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेबरोबर देशभर पसरला. शब्दातलं अंगण मात्र बहुतेक ठिकाणी कुलूपबंद खोलीच्या बाहेर राहिलं. जंगल-बालवाडीची कल्पना आयात करायची गरज नाही म्हणते ती यासाठी. आपलं आपल्याजवळ आहे, त्याच्याकडे पाठ फिरवून आपण बसलो आहोत.

पुराव्याबद्दल मात्र माझ्या बाजूच्या लोकांनी जपून बोलावं. जर्मनीत फ्लेन्सबुर्गच्या जंगल-बालवाडीला १९९३ साली सरकारी मान्यता मिळाली आणि नंतर अशा बालवाड्यांची संख्या दीड हजारावर गेली, हे खरं. पण तिथे मुलं घालणारे पालक मुळातच वेगळे असतात. त्यांची मुलं पुढे चमकली तर ते रानामुळे की घरामुळे, हे सांगणं कठीण. फिनलंडमधला २०२० सालचा प्रयोगही हल्ली सारखा पुढे केला जातो. शहरी पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली जमीन आणून अंथरली, तर २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्तीच्या काही खुणा सुधारल्या. प्रयोग सुंदर आहे, पण ज्या मुलाच्या अंगाला रोजच माती लागते त्याच्यासाठी तो दाखला देऊ नये. डोळ्यांचं मात्र वेगळं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांच्या शाळेच्या दिवसात बाहेरची ४० मिनिटं जादा घातली. तीन वर्षांनी तपासलं, तेव्हा नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसण्याचा दोष (मायोपिया) जडला होता, जादा वेळ बाहेर काढलेल्यांत ३०.४ टक्के. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शहर असो की खेडं, मूल दिवसभर आत बसायला लागलं की डोळ्यांना उजेड कमीच मिळतो. हा मुद्दा मला ठाम वाटतो. बाकी गोष्टींत मी शिक्षणाच्या तर्कावर उभी आहे, आकडेवारीवर नाही, आणि तसं सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

साप, पाणी, वीज. ही भीती गावात कुणी काल्पनिक मानत नाही, मीही मानत नाही. पण लहान मुलांचे अपघात केव्हा होतात? बांगलादेशच्या ग्रामीण भागात तळी-डबकी घरालगत असतात आणि बुडून मरणाऱ्यांत एक ते चार वर्षांची मुलं फार. बहुतेक बुडतात ती सकाळच्या वेळी, आई कामात असताना. तिथे ‘आंचल’ नावाची गावपातळीवरची पाळणाघरं निघाली, सकाळी नऊ ते दुपारी एक. गावातलीच एक बाई मुलं सांभाळते. तिथे जाणाऱ्या मुलांमध्ये बुडून होणारे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासांत दिसलं. पाणी तिथेच होतं, लक्ष ठेवणारे डोळे वाढले. बाहेरच्या तासात मूल दोन मोठ्यांच्या नजरेखाली असतं, आणि त्याला पाण्याची कड, बिळाचं तोंड, न शिवायची शेंग शिकवलेली असते. उरलेल्या दिवसात ते एकटंच त्याच जागी जाणार असतं. मग धोका कोणत्या मुलाला जास्त?

अर्थात नियम हवेत, आणि ते साधे, पाठ असलेले हवेत. मुलं येण्याआधी ताईंनी काठीने आपटत जागा फिरून घ्यायची. पायांत बंद चपला-बूट, बिळात आणि दगडाखाली हात नाही. दोरीची हद्द, आणि एक ठरलेली हाक. ती ऐकली की सगळ्यांनी दोरीपाशी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून होत नसतील तर लगेच पक्क्या छपराखाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच. पाच वर्षांच्या मुलाला हे आकडे मोजायला केवढी मजा येते, ते करून बघा. आणि रोज तीच जागा. सहलीला गेलेलं मूल नवं बघून हरखतं, पण बदल कळायला जागा तीच लागते. काल बंद असलेली कळी आज उघडली, हे दुसरीकडे कुठे कळणार?

ती जागा कुठली, यावर खरा झगडा होईल, आणि त्याबद्दल या वादात कुणी बोलतच नाही. गायरानावर अतिक्रमण झालेलं असतं, ओढ्याची वाट कुणाच्या तरी शेतातून जाते, आणि गावातल्या प्रत्येक वस्तीच्या मुलाला प्रत्येक झाडाखाली बसू दिलं जातंच असं नाही. त्यामुळे जागा ठरवताना ग्रामसभेत उघड ठराव व्हावा: एवढा तुकडा मुलांचा, सगळ्या मुलांचा. आठवड्याला एक फेरी नव्हे, कायमचा तुकडा.

आणि शिकवणार कोण? बाहेरून येणारा प्रशिक्षक दोन दिवस खेळ घेऊन जातो, त्याचा उपयोग थोडा. गावात गुरं वळणारा माणूस आहे, औषधी पाला ओळखणारी म्हातारी आहे, मधमाश्यांची पोळी कुठे लागतात हे जाणणारा आहे. त्यांना ‘पाहुणे’ म्हणून वर्षातून एकदा बोलावून नारळ देऊ नका. ताईंच्या जोडीला दुसरं मोठं माणूस म्हणून त्यांना नेमा, रोजच्या तासाचा मेहनताना द्या, हजेरीपटावर त्यांचं नाव लिहा. ताईंचं काम प्रश्न विचारण्याचं आणि मुलं काय बोलली ते टिपून ठेवण्याचं, या जाणत्यांचं काम दाखवण्याचं. नावं आधी घरच्या बोलीतली, पुस्तकातलं नाव मागून येऊ दे. ज्या मुलाची आजी त्या हजेरीपटावर असेल, ते मूल वर्गात कसं बसतं ते मला बघायचं आहे. आणि नोंदवही बदला. तिच्यात एक रिकामा, रुंद रकाना ठेवा, वर लिहा: ‘आज बाहेर हिने काय दाखवलं?’